पंगतीतला खो

मला दिवस गेले, त्याच्या सातव्या आठवड्यापासून आमचं स्वयंपाकघर रोज एक फरशी लांब व्हायला लागलं.

फरशी शहाबादी, दोन फुटी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सोप्याच्या दारापासून गॅसच्या ओट्यापर्यंत सहा फरशा होत्या. हे मला नक्की माहीत आहे, कारण पुसताना मी मोजते. एके सकाळी पुसताना सात झाल्या. वाटलं, आपलीच मोजण्यात चूक. दुसऱ्या दिवशी आठ झाल्या. ओट्यामागची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, खिळ्याला लटकवलेली चाळण, सगळं जसंच्या तसं मागे सरकलं होतं. जोड कुठेच दिसत नव्हता. काम चोख होतं, एवढं मान्य करायला हवं.

मी समाधानला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं.

"अहो, स्वयंपाकघर लांबतंय."

"घर हाय, वाढणारच की," तो म्हणाला, आणि मोटारसायकल पुसायला गेला.

मग मामांना सांगितलं. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "आपल्याच हद्दीत हाय न्हवं?"

"हो."

"मग असू दे."

आमच्या घरची रीत अशी की आधी पुरुष जेवतात. मामा, समाधान, माझे दोघे दीर आणि जो कोणी आला असेल तो, असे सगळे सोप्यात टीव्हीकडे तोंड करून ओळीने बसतात. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांच्या पाठी असतात. मी गॅसपासून एकेक गरम भाकरी नेऊन वाढायची. त्यांचं झालं की उरलंसुरलं आत्यांनी आणि मी खायचं. सहा फरशा होत्या तोवर याचं काही वाटलं नाही. भूक लागायची, पण ती सगळ्याच घरांत लागते असं मी धरून चालले होते.

फरशा वाढल्या तसं गणित बिघडलं. भाकरी नेईपर्यंत गार व्हायची. "वहिनी, गार हाय," असं धाकटा दीर ओरडला की ती घेऊन परत ओट्यापर्यंत जायचं, गरम करायची, पुन्हा यायचं. सगळ्यांची ताटं उचलून मी आत पोचे, तोवर कालवणाच्या पातेल्याला नुसता रंग उरलेला असे. तो पुसून खाईपर्यंत चहाची वेळ होई.

पळायची मला भीती नव्हती. शाळेपासून बारावीपर्यंत मी खो-खोच्या संघात होते. दोन खांबांमधलं अंतर माझ्या पायांना पाठ आहे. चाळिसावी फरशी आली त्या दिवशी पायांनीच सांगितलं, की आता ओट्यापासून दारापर्यंत एक मैदान झालं. त्याच दिवशी मला अठरा संपून एकोणिसावं लागलं होतं. ते मात्र मलाही संध्याकाळीच आठवलं.

आता आत्यांचं सांगते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या कागदाच्या आहेत. समोरून पाहिलं तर चारचौघींसारख्या दिसतात, कडेने पाहिलं तर दिसत नाहीत. लग्नात मला हे कळलं नाही, कारण लग्नात सगळ्या फोटोसाठी समोर तोंड करूनच उभ्या असतात. घरात पंखा आहे, पण तो कोणी लावत नाही. चारही खिडक्यांना खिळे ठोकले आहेत. तरी दारातून झुळूक आलीच तर काय करा, म्हणून बसल्या की आत्या पदरावर वरवंटा ठेवतात. पाहुणे वरवंट्याकडे बघतात आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागतात.

आत्या वाईट नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी त्यांच्यावर राग धरू नये. वाडीच्या आशा कार्यकर्तीने दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या त्या स्वतः न चुकता माझ्या हातावर ठेवत. वर चहाचा कप देत.

"चहासंगं घे, मोनाली. मळमळत न्हाई."

मी घेई. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने वाढलेल्या फरशीच्या मधोमध कालची गोळी पडलेली असे. लाल, कोरडी, सबंध. मी त्या सगळ्या पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकत गेले. डबा वाजायला लागला.

आणि ताटात दुसरी भाकरी घेतली की आत्या तिचा चतकोर ठेवून बाकीची उचलत. "कंबर बघ तुझी केवढीशी. बाळ मोठं झालं म्हंजी अडंल. मग काय करशील?" त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी असे. त्या काळजीपुढे भाकरी मागायचं माझ्या जिवावर येई.

तिसरा महिना संपता संपता एकदा भाकरी उलटताना मला माझ्या तळहातातून गॅसचा जाळ दिसला. निळा. मी हात बाजूला केला आणि परत आणला. परत दिसला. त्या आठवड्यात चालताना माझ्या पोटऱ्या सळसळायला लागल्या. मी घाबरले. मला कागद व्हायचं नव्हतं. माझ्या पोटात कोणीतरी होतं, आणि कागदाच्या पोटात माणूस कसा राहील हे मला कळत नव्हतं.

संजीवनीताई आल्या त्या दुपारच्या. त्या आमच्या वाडीच्या आशाताई. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, आवाज खणखणीत. सोप्यातून त्यांनी विचारलं, "पोरगी कुठाय?" आत्या म्हणाल्या, "आत हाय." संजीवनीताई आत निघाल्या आणि बऱ्याच वेळाने धापा टाकत माझ्यापाशी पोचल्या.

"किती झाल्या फरशा?"

"सत्तर."

"म्हंजी सोळावा आठवडा." त्यांनी वहीत लिहिलं. मग माझा हात धरून बल्बसमोर केला. "बल्ब दिसतोय."

"हो."

"उद्या उपकेंद्रावर ये. येताना पिशवीत दोन धोंडे घे. रस्त्याला वारं हाय."

मी धोंडे घेऊन गेले. सिस्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि पिशवी खाली ठेवायला लावली. काटा हलला नाही. सिस्टरांनी काट्याला टपली मारली.

"परत उभी राहा."

परत उभी राहिले. काटा शून्यावरच होता. सिस्टर स्वतः चढून बघायला गेल्या, आकडा बघून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "काटा बरोबर आहे." मग माझ्या बोटाला सुई टोचली. थेंब यायला वेळ लागला. आला तो रक्ताचा आहे असं सांगावं लागलं असतं. हिमोग्लोबिनचा आकडा सात पॉइंट दोन निघाला. अकरा लागतो.

"जेवतेस कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"सगळे कधी जेवतात?"

"जेवतच असतात."

सिस्टरांनी चष्मा काढला. "हे बघ, बाळंतपणात रक्त जातं. तुझ्यात जायला आहे कुठे? असंच राहिलं तर तूही जाशील आणि बाळही जाईल. वाचलंच, तर कागदाला कागदच होईल." त्यांनी हे चढ्या आवाजात सांगितलं नाही. मग नीट बसवून पुढचं सांगितलं. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा दोन तासांनी. दुपारी डाव्या कुशीवर पडायचं. डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय सुजले, अंगावरून रक्त गेलं, तर कोणाला विचारत बसायचं नाही, आधी फोन करायचा. तालुक्याच्या दवाखान्यात लोहाचं सलाईन लावायला यायचं. "आणि जेवायचं आधी. गरम. बसून. सगळ्यांच्या देखत. लपून खाल्लेलं धरत नाहीत."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "मग खा की. तुला नको कोण म्हणतंय?"

हीच तर मेख होती. नको कोणीच म्हणत नव्हतं. पण मी ताट घेऊन बसले की सोप्यातून कोणीतरी "भाकरी" म्हणे, कोणीतरी "मीठ" म्हणे. मीठ देऊन परत येईपर्यंत माझ्या ताटाला थंडी वाजलेली असे आणि जेवायची वेळ टळलेली असे. मीठ मागणारा वाईट नव्हता. त्याला खरंच मीठ हवं होतं. गोळी तेवढी मी लिंबाच्या पाण्याबरोबर घेऊ लागले, पण रिकाम्या पोटात ती कुठे टिकेना. दुसऱ्या दिवशी फरशीवर निम्मीच सापडे. सिस्टरांनी सांगितलं होतं तरी मी ओट्याशी उभ्याने, पदराआड खाऊन पाहिलं. तोंडात घालेपर्यंत घास भाकरीचा असे, गिळताना त्याचा कागद होई. सकाळी नव्या फरशीवर चुरगळलेले बोळे पडलेले असत.

ते बोळे एकदा आत्यांनी पाहिले. त्या खाली बसल्या, पदरावर वरवंटा ठेवला आणि एक बोळा उलगडून मांडीवर सरळ करत राहिल्या.

"माझी पयली अशीच व्हती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"लेक. समाधानच्या आधीची. बारसंबी न्हाई झालं तिचं. पाळण्यात निजवली आन् खिडकी उघडी राहिली. वारं आलं, उडाली. चिंचंला काय तरी अडकलंय म्हणून समदी बघाय धावली. तर कुणाच्या तरी वहीचं पान व्हतं."

"किती वर्षांच्या होता तुम्ही?"

"सोळा संपलं नव्हतं." त्यांनी बोळा पुन्हा मिटला. "तवापास्नं या घरात खिडकी उघडली न्हाई. तुझ्या लेकराला बी वारं लागू द्यायची न्हाई मी."

मी विचारलं, "आत्या, तेव्हा तुम्ही कधी जेवायच्या?"

"समद्यांच्या मागनं. सासू म्हणायची, कमी खा, बाळ अडंल."

मला संताप आला. त्यांच्यावर नाही, त्या चार खिडक्यांवर. एवढे खिळे ठोकले, एवढी वर्षं एक बाई वरवंट्याखाली बसली, आणि ताटाकडे कोणी वळून पाहिलं नाही. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण सोप्यातून "पाणी" म्हणून हाक आली आणि मी पाणी घेऊन निघाले. तेव्हा जायला जवळजवळ दोन मिनिटं लागत होती.

एकशे बारावी फरशी आली त्या दिवशी रविवार होता. मामांचे चार पाहुणे आले होते. मी टोपल्यात भाकऱ्या घेऊन ओट्यापासून निघाले. एकशे बारा फरशा म्हणजे जवळजवळ तीन मैदानं. साठ फरशांपर्यंत ठीक होतं. नव्वदाव्या फरशीला पायांना जमीन लागेना. खाली पाहिलं तर माझी पावलं फरशीच्या बोटभर वर चालत होती. दार उघडं होतं, बाहेरून झुळूक येत होती आणि मी दाराकडे न जाता छताकडे निघाले होते. टोपलं छातीशी घट्ट धरलं म्हणून कशीबशी खाली आले. पोटातलं माझ्याबरोबर वर गेलं आणि माझ्याबरोबर खाली आलं. ते मला नीट कळलं. तेव्हाच मी ठरवलं, की आज हे संपवायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

सोप्याच्या दारात पोचले तर समोर आठ पाठी होत्या.

मामा, समाधान, दोघे दीर, चार पाहुणे. ओळीने बसलेले आठ जण, आणि त्यांच्या मागे उभी राहिलेली, धाप लागलेली नववी मी. हे मी आधी कधी कसं पाहिलं नव्हतं कोण जाणे. अशा आठ पाठींमागून मी सात वर्षं पळाले होते. तिथे पळणाऱ्याचे पाय भरून आले तर काय करायचं ते लहान मुलालाही ठाऊक असतं.

मी समाधानच्या मागे गेले, त्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हटलं, "खो!"

तो उठला. विचार करून उठला नाही. दहा वर्षं शाळेच्या मैदानावर खो-खोला बसलेली पाठ ती, तिला हात आणि शब्द पुरतो. मी त्याच्या हातात टोपलं दिलं आणि त्याच्या जागी बसले. पुढ्यात ताट होतं. चवळीचं कालवण, शेंगदाण्याची चटणी, कांदा, अर्धी भाकरी आणि तिच्यावर वाफ. मी जेवायला लागले.

धाकटा दीर म्हणाला, "वहिनी?" पाहुण्यांनी मामांकडे पाहिलं.

मामा तरुणपणी तालुक्याच्या सामन्यांना पंच म्हणून जात. त्यांची शिट्टी अजून सोप्यात खुंटीला लटकलेली आहे. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, शिट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाठीमागनं दिलास?"

"पाठीमागनंच."

"हात आधी लागला का शब्द आधी आला?"

"हात. मग शब्द."

माझ्या तोंडातला घास तसाच होता. तो कागद होतो की काय याची मी वाट बघत होते.

"खो बरोबर हाय," मामा म्हणाले. "सम्या, पळ."

घास गिळला. तो भाकरीचाच होता. पोटात जाऊन पडला आणि पडलेला मला कळला.

टोपल्यातल्या भाकऱ्या वाढून समाधान पुढच्या आणायला आत गेला. पाहुणे चुळबुळले, धाकट्याने चॅनल बदललं, मी दुसरी भाकरी कुस्करली. बऱ्याच वेळाने तो घामाघूम होऊन परत आला. टोपल्यात एक भाकरी होती, ती गार झाली होती.

"आगं, लई लांब हाय की!"

"घर हाय, वाढणारच," मी म्हटलं आणि चटणी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशा एकशे अकरा झाल्या. पोह्यांच्या डब्यात टाकायला गोळी सापडली नाही. मी संपूर्ण स्वयंपाकघरात वाकून वाकून शोधली. कुठेच नव्हती. ती माझ्यात होती. मी तिथेच फतकल मारून बसले आणि एकटीच हसले.

मग रोज खो. कधी समाधानला, कधी थोरल्या दिराला, कधी धाकट्याला. धाकट्याने पहिल्या दिवशी थापलेली भाकरी बघून मामा म्हणाले, ही भाकरी नव्हे, जिल्ह्याचा नकाशा हाय. चौथ्या दिवशी मी मामांनाच खो दिला. त्यांनी एकदा हात आधी लागल्याची खात्री केली आणि उठले. पाहुणे यायचे कमी झाले. पळावं लागेल या धास्तीने असेल. मी गरम जेवत होते, बसून, सगळ्यांच्या देखत. आणि रोज सकाळी भिंत एक फरशी पुढे येत होती. दुपारी मी डाव्या कुशीवर पडून ती भिंत बघत असे. एवढी मोठी भिंत माझ्या दोन भाकऱ्यांनी हलते, याचा मला भलताच माज चढला होता. चार वेळा तालुक्याला जाऊन सलाईन लावून आले. तिथल्या बाई म्हणाल्या, शीर सापडते आहे आता.

एकशे दोन फरशा उरल्या होत्या त्या दुपारी आतून कोणीतरी मला हात लावला. बरगडीच्या खाली, हलकेच. शब्द ऐकू आला नाही म्हणून मी तो खो धरला नाही. पण पडून राहिले आणि रडले. आत्या दारात होत्या. त्यांनी विचारलं, "दुखतंय?" मी म्हटलं, "नाही, हालतंय." त्या माझ्या पोटावर हात ठेवायला आल्या. त्यांचा हात मला लागलाच नाही, इतका तो पातळ होता. पण आतल्याला लागला असावा. कारण ते पुन्हा हाललं.

पुढच्या महिन्यात सिस्टरांच्या काट्यावर उभी राहिले. काटा थरथरला, फिरला, चव्वेचाळीसवर थांबला. बोटातून थेंब पटकन आला आणि लाल आला. सिस्टर म्हणाल्या, "ते धोंडे दारात टाकून जा आता." मी टाकले. घरी येताना वारं होतं. माझा पदर उडाला, मी नाही उडाले.

स्वयंपाकघर सहा फरशांवर येऊन थांबेल असं आम्हाला वाटलं होतं. ते थांबलं नाही. पाच झाल्या, चार झाल्या. सोपाही त्याच्यामागून आवळत आला. टीव्ही ठेवायला जागा राहिली नाही, तो समाधानने शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. पंगतीला ओळ लागते आणि ओळीला जागा उरली नव्हती. आम्ही सगळे गॅसभोवती गोल करून, गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागलो. ज्याच्यासमोर तवा येई तो भाकरी टाकी. आधी कोण आणि मागनं कोण, हे ठरवायला तिथे मागं अशी जागाच नव्हती.

आत्या मात्र जेवायच्या वेळी उभ्या राहत. "तुमचं होऊ द्या, मग मी." पण तीन फरशा उरल्या तेव्हा उभं राहायलाही जागा राहिली नाही आणि त्यांना आमच्यात बसावं लागलं. थोरल्याने तव्यावरची भाकरी सरळ त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी घास घेतला, तोंड उघडं ठेवून हवा आत ओढली.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"जीभ पोळली," आत्या म्हणाल्या. मग हसल्या. "लई दिसांनी पोळली."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे कडेने पाहिलं. एक बारीक रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी रेघ जरा जाड झाली. पण वरवंटा त्यांनी सोडला नाही, बसल्या की तो पदरावरच असे.

एकच फरशी उरली त्या सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. मी त्या फरशीवर बसले होते. डाव्या हाताला ओटा, समोर बाहेरचं दार, मधे वाव नाही. पुढ्यात माझं ताट होतं आणि त्यात आत्यांनी नुकतीच टाकलेली भाकरी. माझं वजन एकावन्न किलो होतं. रक्त अकरा होतं. समाधानने संजीवनीताईंना फोन केला आणि पिशवी घेऊन भिंतीला चिकटून उभा राहिला.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मग संजीवनीताईंचा. "मोनाली, गाडी आलीय! दार उघडा!"

कोणी उघडलं नाही. बाहेर वैशाखातली वावटळ सुटली होती. पत्रे वाजत होते, दाराची फळी आत ढकलली जात होती. घरातल्या सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. या घरात असल्या वाऱ्यात दार उघडत नाहीत.

"वारं पडू दे जरा," मामा म्हणाले. "मग उघडू."

"कळा वारं बघून येत नाहीत, मामा," मी म्हटलं.

कळ आली. मी ओट्याची कड धरली. ती गेली, तसं मी आत्यांकडे पाहिलं. त्या माझ्या पोटाकडे बघत होत्या. मग दाराकडे. मग पदरावरच्या वरवंट्याकडे. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, ओट्यावर ठेवला आणि उठल्या.

समाधान म्हणायचं ते विसरून नुसतंच "आई" म्हणून थांबला.

आत्या माझ्या मागे आल्या. मागे जागा नव्हती, तरी आल्या. माझ्या पाठीवर हात पडला. जड होता. पाचही बोटं मला वेगवेगळी कळली. आणि गरम होता, तव्यापासून आलेला.

"खो," त्या म्हणाल्या.

त्यांनी हा शब्द आयुष्यात कधी उच्चारला नसावा. पण हात आधी लागला, शब्द मग आला आणि पाठीमागनं आला.

मी उठले. माझ्या फरशीवर, माझ्या ताटासमोर, आत्या बसल्या. मी दाराकडे तोंड केलं. खो मिळालेल्याने एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नसतं, हा नियम आहे. मी कडी काढली. दार दोन्ही हातांनी ओढलं. धूळ, चिंचेचा पाला, गाडीचा लाल दिवा, संजीवनीताईंचा पुढे केलेला हात, सगळं एकदम आत आलं आणि माझ्या अंगावरून घरात शिरलं. माझी पावलं उंबऱ्यावर पक्की होती.

मागे भाकरी मोडल्याचा आवाज झाला.